गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची सही असलेलं जुनं प्रिंट घरात आहे. त्याची किंमत कशी काढायची आणि पावसाळ्यात ते कसं जपायचं?

तुम्ही लिहिलंय की फ्रेममागे प्लायवूड आहे आणि कागदाच्या कडा तपकिरी पडत चालल्यात. मग किंमत नंतर बघू. आधी प्रिंट त्या फ्रेममधून बाहेर काढा, याच आठवड्यात. लाकडातलं आम्ल कागदात उतरतंय, ते डाग त्याचेच आहेत.

आमच्या फोंड्याच्या घरात वडिलांनी असंच एक प्रिंट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावलं होतं. फ्रेमवाल्याने कागद गोंदाने थेट प्लायवर चिकटवलेला, वर काच टेकलेली. काही पावसाळ्यांनी फ्रेम उघडली तर चित्रातल्या बाईच्या केसांतली फुलं काचेला चिकटून आली. मला ते अजून सलतं. म्हणून सांगतो, तुमचा कागद कुठे चिकटलेला दिसला तर ओढू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा.

आता सही. मारिओ चित्राच्या आतच सही करत. ती चित्राबरोबर छापली जाते, प्रत्येक प्रतीवर तीच. ती असली म्हणून प्रिंट सही केलेलं ठरत नाही. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत वेगळी सही आहे का बघा. सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडा. पेन्सिलीची सही चकाकते, दाबाची चर कागदावर जाणवते. खोडरबराने तपासायच्या फंदात पडू नका. शेजारी १२/१०० असं काही लिहिलेलं असेल तर शंभर प्रतींपैकी ती बारावी. भिंगातून रंगीत भागही बघा: निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसले तर छपाई ऑफसेटची, म्हणजे पुस्तकं-मासिकं छापतात तशी यंत्रावरची. रंगाचा सलग, जाडसर थर दिसला तर बहुधा स्क्रीनप्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेली छपाई, आणि त्याला सहसा जास्त मोल. मारिओ ११ डिसेंबर २०११ रोजी गेले, त्यामुळे छपाई त्यानंतरची असेल तर हाताची सही त्यांची नव्हे.

किंमत विचारताना लोक काय मागतात ते नको, अशी प्रिंटं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा. लिलावांचे निकाल ऑनलाइन सापडतात. आणि ज्याला ते विकत घ्यायचंय त्याच्याकडूनच मूल्यांकन करून घेऊ नका.

नवी फ्रेम करताना आम्लविरहित माउंटबोर्ड, म्हणजे चित्राला लावायचा जाड पुठ्ठा, मागा, पुढेही आणि मागेही. काच आणि कागद यांत माउंटची जाडी राहिलीच पाहिजे. कागद फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगायचा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. फ्रेम आतल्या भिंतीवर, ऊन न येणाऱ्या जागी लावा आणि मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फ्रेम उतरवून मागची बाजू हाताने चाचपत जा. गार, दमट लागली तर जागा बदला.