'शाकीय' म्हणजे 'मऊ खोडाची' नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'हर्बेशियस' वनस्पती खोडाच्या रचनेच्या जोरावर अवर्षणात कशा तग धरतात, यावरच्या लेखाचा तुम्ही अनुवाद करत आहात. तुम्ही 'शाकीय वनस्पती' लिहिलंत. संपादकांनी ते बदलून 'मऊ खोडाच्या वनस्पती' केलं. पुढच्याच परिच्छेदात मूळ लेख म्हणतो, की यांच्यातल्या ज्यांचं खोड जास्त टणक, त्या कोरड्या दिवसांत जास्त टिकतात. मग 'मऊ खोडाची वनस्पती टणक खोडाने टिकते' असं वाक्य छापायचं का? शिवाय 'दुष्काळरोधक' हा शब्द चालेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुमचा 'शाकीय' तसाच राहू द्या. संपादकांचा हेतू चांगला आहे, कारण 'शाक' म्हटलं की भाजीपाला आठवतो आणि त्यापाठोपाठ कोवळेपणा येतो. पण शास्त्रात या गटाची खूण कोवळेपणा ही नाही. जमिनीवरचं खोड वर्षानुवर्षं टिकून जाडावत जात नाही, हंगाम संपला की वाळून जातं, ही खूण. जुन्या परंपरेतली व्याख्या तर याहून स्वच्छ आहे. चरकसंहितेत वनस्पतींचे प्रकार सांगताना 'ओषध्यः फलपाकान्ताः' असं म्हटलं आहे. फळं पिकली की जिचं आयुष्य संपतं, ती ओषधी. दोन्ही व्याख्या तंतोतंत जुळत नाहीत, कारण जमिनीखालच्या कंदातून दरवर्षी नव्याने फुटणाऱ्या वनस्पती आज याच गटात धरतात. पण दोन्हींत मोजमाप आयुष्याचं आहे, खोडाच्या मऊपणाचं नाही. मराठी विश्वकोशाने 'ओषधी' हाच शब्द पत्करला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. मात्र आजच्या छापील मजकुरात त्याचं 'औषधी' होऊन बसायचा धोका इतका मोठा आहे, की लोकांसाठीच्या लेखात मी 'शाकीय'च वापरतो.

मऊपणाचा समज किती तोकडा आहे हे बघायचं असेल, तर फुलावर आलेल्या सूर्यफुलाचं खोड हातात घ्या. शेंड्याकडे ते बोटांनी वाकतं. तिथल्या पेशी पाण्याने टच्च फुगलेल्या असतात आणि तो फुगवटाच खोडाला उभं धरतो. म्हणून पाणी कमी पडलं की आधी शेंडा मान टाकतो. जमिनीलगत तेच खोड वाकत नाही, कडकन मोडतं. दोन्हीकडचे पातळ आडवे काप घेऊन त्यांना सॅफ्रनिन हा लाल रंग आणि त्यासोबत एखादा निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की जिथे लिग्निन (पेशींच्या भिंती ताठर करणारा पदार्थ) आहे तिथे लाल दिसतं आणि बाकीचं निळं राहतं. शेंड्याच्या कापात मधलं भेंड मोठं आणि त्याच्या कडेने वाहक वृंदांचे, म्हणजे पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यांचे, सुटे सुटे लाल ठिपके. बुंध्याच्या कापात ते ठिपके एकमेकांना भिडून लाल कडं झालेलं असतं. एकाच शाकीय वनस्पतीच्या एकाच खोडात ही दोन टोकं आहेत. गव्हाचं काड आणि ज्वारीचं धाट यांनाही शास्त्र शाकीयच म्हणतं, पण त्यांना मऊ कोणी म्हणणार नाही.

तुमच्या मसुद्यात मला खटकलं ते वेगळंच आहे. 'काष्ठीभवन' हा शब्द तुम्ही दोन गोष्टींसाठी वापरला आहे. लिग्निन हा पेशीभित्तिकेत साठणारा, तिला ताठर करणारा पदार्थ आहे. शास्त्रीय अर्थाने लाकूड म्हणजे ऊतककर नावाच्या थराने आतल्या बाजूला तयार केलेलं दुय्यम प्रकाष्ठ (प्रकाष्ठ म्हणजे खोडातला पाणी वाहून नेणारा भाग). गवतांच्या खोडात असा थर नसतो. त्यामुळे गवताला या अर्थाने लाकूड कधीच येत नाही, पण लिग्निन भरपूर असतं. बांबू हे गवतच, त्याचा टणकपणा आठवून बघा. तेव्हा एका ठिकाणी 'लिग्निन साठणं' आणि दुसऱ्या ठिकाणी 'लाकूड तयार होणं' असं सरळ लिहा. एक भारदस्त शब्द दोन्हीकडे टाकला की वाचकाला वाटतं, शाकीय वनस्पती दुष्काळात झाड बनू पाहते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे खोड टणक असण्याचा कोरड सोसण्याशी संबंध काय. इथे मराठी तुमच्या बाजूने उभी आहे. पाणी कमी पडलं की आपण म्हणतो, 'पिकाला ताण बसला.' खोडाच्या आत अक्षरशः तेच घडतं. पानांतून बाष्प बाहेर जातं आणि त्या ओढीने प्रकाष्ठातल्या वाहिकांमधला, म्हणजे बारीक नळ्यांमधला, पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, हे डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं. माती सुकत गेली की खालून पाणी सुटत नाही, वरची ओढ मात्र चालू राहते आणि स्तंभ ताणला जातो. हा ताण मेगापास्कलमध्ये मोजतात. १ मेगापास्कल म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण १० पट. इंग्रजीत 'स्ट्रेस' आणि 'टेन्शन' असे दोन शब्द लागतात, आपल्याकडे 'ताण' या एकाच शब्दात शेतातला अर्थ आणि भौतिकशास्त्रातला अर्थ दोन्ही बसतात. अनुवादात याचा पुरेपूर फायदा घ्या.

ताण फार वाढला की शेजारच्या रिकाम्या वाहिकेतून हवा आत ओढली जाते, बुडबुडा फुगतो, स्तंभ तुटतो आणि ती वाहिका निकामी होते. यालाच 'एम्बॉलिझम' म्हणतात. तुम्ही 'रक्तगुठळी'च्या धर्तीवर 'हवेची गुठळी' लिहिलं आहे. ते बदला, गुठळी घट्ट पदार्थाची होते. पंपाने हवा घेतली की पाणी चढत नाही, तसंच हे आहे. 'वाहिकेने हवा घेतली' हे क्रियापद नेमकं आहे. नाम हवं तिथे 'हवेचा अडथळा' पुरे.

हवा आत शिरते ती दोन वाहिकांमधल्या भिंतीतल्या खळग्यांच्या पडद्यांतून. हे पडदे बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. पडदा जाड असला तर हवेला वाट काढायला जास्त ताण लागतो. आता तुमचं एक वाक्य: 'लिग्निनमुळे खोडात हवा शिरत नाही.' यातलं 'मुळे' काढा. शाकीय वनस्पतींची झाडांशी तुलना करणारं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं, की हवा घेण्याच्या बाबतीत शाकीय वनस्पती सरसकट झाडांपेक्षा कमकुवत नाहीत आणि ज्यांच्या खोडात लिग्निनचा वाटा जास्त, त्या जास्त ताण सोसतात. पण तो संबंध सोबतीचा आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीच्या वेगवेगळ्या वाणांवर २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात फरकाचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण पडद्याच्या जाडीने दिलं. लिग्निन भिंत आत दबू देत नाही, खोडाला बळ देतं, आणि टणक खोडात पडदेही जाड असण्याकडे कल असतो. म्हणून 'लिग्निन जास्त असलेली खोडं हवा उशिरा घेतात' असं लिहा. 'मुळे' या एका शब्दाने अभ्यासकांनी न केलेला दावा त्यांच्या तोंडी जातो.

याच अरॅबिडॉप्सिसमध्ये फुलण्याशी संबंधित दोन जनुकं निकामी केली, तर खोडात खरंखुरं लाकूड तयार होऊ लागतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे शाकीय आणि काष्ठीय (लाकूड असलेल्या) वनस्पती यांच्यातली भिंत आपल्याला वाटते तितकी उंच नाही. बेटांवर निसर्गाने ती कित्येकदा ओलांडली आहे. मुख्य भूमीवर शाकीय असलेल्या वनस्पतींचे नातेवाईक बेटांवर काष्ठीय होतात, याची दखल डार्विननेही १८५९ मध्ये घेतली होती. उंचीच्या स्पर्धेमुळे हे होत असावं, असं त्याला वाटलं. कॅनरी बेटांवरच्या डेझीच्या कुळातल्या वनस्पतींवर २०१८ मध्ये काम झालं. त्यात काष्ठीय जाती त्यांच्या शाकीय नातेवाइकांपेक्षा अवर्षणातला ताण जास्त सोसतात असं आढळलं. तुमच्या लेखात हा भाग येत असेल, तर तिथे 'काष्ठीय' हा शब्द बिनधास्त वापरा, तिथे तो अगदी योग्य आहे.

गवतांबद्दल एकच सांगतो. 'नोड' आणि 'इंटरनोड' यांना अनुक्रमे 'पेर' आणि 'कांडं' म्हणा, पण लेखभर तेच ठेवा, कारण बोलण्यात दोन्ही शब्दांची सरमिसळ होते. इथे हा फरक महत्त्वाचा आहे. मक्याच्या खोडात बऱ्याच वाहिका पेरापाशी संपतात आणि पाण्याला पडदे ओलांडून पुढे जावं लागतं. एका कांड्यात हवा शिरली तर तिला पेर आडवं येतं.

उरला 'दुष्काळरोधक'. वनस्पती दुष्काळ रोखत नाही, आणि मुळात दुष्काळ म्हणजे माणसांवर येणारा वाईट काळ. पाऊस नसणं ते 'अवर्षण' आणि रोपाच्या वाट्याला येतो तो 'ताण'. शिवाय वनस्पतींच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. फलपाकान्त ओषधी कोरडे दिवस येण्याआधीच बी टाकून मोकळी होते, ती ताण चुकवते. मांसल खोडात पाणी साठवणारी तो टाळते. खोडातल्या वाहिका शाबूत राखणारी तो सोसते. तुमचा लेख तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, म्हणून शीर्षकात 'ताणसहिष्णू' किंवा साधं 'ताण सोसणाऱ्या' वापरा. संपादकांनी बदललेलं पहिलं वाक्य मी असं लिहीन: 'काही शाकीय वनस्पती पाण्याचा ताण जास्त सोसतात, त्यांच्या खोडात लिग्निन जास्त आणि वाहिकांमधले पडदे जाड असतात, आणि ताण वाढला तरी त्यांच्या वाहिका सहसा हवा घेत नाहीत.'