विषाणूहल्ल्याची तयारी मेडिकलच्या काउंटरवरून

तुम्ही विचारलंय की एखादा विषाणू कुणी मुद्दाम पसरवला तर तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवाल्याच्या हातात काय असतं. आठ वर्षं रुग्णालयातल्या औषधविभागात होते, नंतर स्वतःचं दुकान टाकलं. त्या अनुभवावरून सांगते.

सुरुवात देवीच्या रोगापासून (स्मॉलपॉक्स) करा. १९८०मध्ये हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. अधिकृतपणे विषाणू आता फक्त अमेरिकेतलं अटलांटा आणि रशियातलं कोल्त्सोवो इथल्या प्रयोगशाळांत आहे, पण आपल्याकडच्या पुढच्या पिढ्यांना ती लसच मिळालेली नाही. भीती आहे ती त्याचीच.

१९७२मध्ये युरोपातल्या तेव्हाच्या युगोस्लाव्हियात देवी पुन्हा आली ती हल्ला म्हणून नव्हे, एका यात्रेकरूबरोबर. त्या साथीत एका तरुण शिक्षकाला पेनिसिलिन दिलं होतं. अंगावर उठलेलं पाहून डॉक्टरांना ती औषधाची रिअ‍ॅक्शन वाटली. त्या एका माणसाकडून ३८ जणांना लागण झाली. एकूण रुग्ण १७५, मृत्यू ३५. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या फार्मासिस्टला सांगते, कारण ‘गोळीची अ‍ॅलर्जी आली’ म्हणत माणूस आधी आपल्याकडेच येतो.

कुणी पुरळ-खाजेवर लावायचं कॅलामाईन मागितलं तर दोन प्रश्न विचारा. पुरळ आधी कुठे आलं? सगळे फोड एकसारखे आहेत का? कांजिण्या छाती-पोट-पाठीवर जास्त असतात आणि काही फोड ताजे तर काही सुकलेले दिसतात. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. शंका आली तर रुग्णाला दुकानात बोलावू नका, मास्क लावा आणि आरोग्य केंद्रात फोन करा. निदान डॉक्टर करतील.

दुसरं म्हणजे खपावर नजर. एका पावसाळ्यात चार दिवसांत ओआरएसची पाकिटं नेहमीच्या तिप्पट गेली, तीही एकाच वस्तीत. मी आरोग्य केंद्रात कळवलं, तर पिण्याच्या पाण्यात गटार मिसळत होतं. तापाच्या गोळ्यांचंही असंच बघायचं. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी बिलबुक बोलतं.

औषधांचं म्हणाल, तर १९९४मध्ये सुरतेत प्लेगच्या भीतीने लोकांनी टेट्रासायक्लिन उचललं होतं. तो जिवाणू तरी होता. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे घाबरलेल्या गिऱ्हाइकाला न चिडता सांगता आलं पाहिजे. देवीवरच्या टेकोविरिमॅटला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. चौदा दिवसांचा कोर्स असतो आणि ते तूप-तेल असलेल्या भरपेट जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यावं लागतं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. उपास करणाऱ्या मावशींना हे कोण सांगणार? रेपॅग्लिनाइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर त्याने फार उतरू शकते. हेही आपणच पकडायचं.

लस संसर्गानंतर तीन-चार दिवसांत दिली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. जिवंत विषाणूच्या जुन्या पद्धतीच्या लशीआधी मात्र गरोदरपण, एचआयव्ही आणि इसब यांची चौकशी हवीच. इसब घरातल्या दुसऱ्या कुणाला असलं तरी धोका असतो. लस थंड ठेवावी लागते, म्हणून फ्रीजचं तापमान रोज दोनदा लिहायची सवय आत्तापासून लावा, साथ आल्यावर शिकायला वेळ नसेल.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जैविक आपत्तीवरची २००८ची मार्गदर्शिका एकदा वाचून काढा. आणि साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा सर्वेक्षण कक्षाचा नंबर काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला नसेल, तर उद्या दुकान उघडायच्या आधी आरोग्य केंद्रातून घेऊन या.