आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातल्या पेडण्याचा. नातवाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळेल का?

तुमचे आजोबा 1934 मध्ये पेडण्यात जन्मले, आज हयात नाहीत. वडील आणि तुम्ही सावंतवाडीचे. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन भारतीय पासपोर्टही ठेवता येईल का, असं विचारलंय.

पासपोर्टचं आधी सांगतो: नाही ठेवता येत. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे 'परदेशस्थ भारतीय नागरिक' कार्डाचा अर्ज. ओसीआयवर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. "दोन्ही ठेवा, कोण बघतंय" म्हणणारा एजंट भेटला तर उठून या.

नागरिकत्व मात्र मिळू शकतं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं. पण आजोबांवरून थेट तुमच्यावर येता येत नाही. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग वडील, शेवटी तुम्ही, अशी साखळी लावावी लागते. आजोबा वारले म्हणून ती अडत नाही. वडील हयात असतील तर काम बरंच सोपं.

सुरुवात पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून. जुन्या वह्या तिथे नसतील तर पणजीचं पुराभिलेख खातं. मागायची ती जन्माची 'तेओर' प्रत, म्हणजे वहीतली संपूर्ण नोंद. छोट्या छापील दाखल्यावर भागत नाही.

खरी गाडी अडते ती नावांत. आजोबांच्या नोंदीत 'पोरोबो', लग्नाच्या दाखल्यावर 'परब', वडिलांच्या कागदांवर 'प्रभू'. आपल्याला घर एकच दिसतं, लिस्बनच्या कारकुनाला तीन माणसं. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. भारतातले दाखले शक्य तितके रीतसर दुरुस्त करून घ्या, मगच राज्य सरकारचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का) आणि पोर्तुगीज भाषांतर. क्रम उलटला तर तो सगळा खर्च दुसऱ्यांदा.

वडिलांच्या जन्मदाखल्यावरची नोंदणीची तारीखही बघा. जन्मतारीख नव्हे, नोंदणीची. ती वयाच्या अठरानंतरची असेल तर वकिलाला आधी तेच दाखवा, कारण पितृत्व सज्ञान होण्यापूर्वी कागदावर आलेलं असणं हा तिथला मूळ नियम आहे.

आणि बेत लंडनचा असेल तर थांबा. युरोपीय संघाच्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊन राहण्याची सोय 31 डिसेंबर 2020 ला संपली. नोकरीसाठी आता पोर्तुगीजालाही व्हिसा लागतो.