चूक कोणाची, ते नंतर बघू

"मॅडम, पोरगा त्या कोयतेवाल्यांत बसायला लागलाय. चूक कोणाची, तेवढं सांगा."

पुण्यात हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील आता नवीन राहिले नाहीत. त्यातल्या एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई चार घरी पोळ्या करते, वडील रिक्षा चालवतात. मुलगा अकरावीत, सोळा पूर्ण. खुर्चीत बसायच्या आधीच आईनं मोबाइल पुढे केला. वाढदिवसाचं रील होतं. गाडीच्या बोनेटवर केक, भोवती वीसेक पोरं आणि केक कापायला कोयता. आमचा हिरो पात्यावरचं क्रीम बोटानं निपटत कॅमेऱ्याकडे बघतोय. "घरी कांदा चिर म्हटलं तर बोट कापेल म्हणतो," आई म्हणाली.

मग जुंपली. वडील म्हणाले हिचे लाड, आई म्हणाली ह्यांचा पट्टा. मग मोबाइल, मग वस्ती, मग पोलीस. मी ऐकत होते. सगळीच कारणं थोडीथोडी खरी होती, पण उद्या सकाळी उपयोगी पडेल असं त्यात एकही नव्हतं.

वडिलांनी शेवटचा पत्ता टाकला. "आमचा बाप लालबागला मिलमध्ये होता. 1982चा संप झाला आणि त्याची मिल कायमची सुटली. थोरला भाऊ टोळीत गेला. त्याच खोलीत मी वाढलो, मी नाही गेलो. परिस्थिती वगैरे सगळी नाटकं."

हा मुद्दा मी दोन्ही बाजूंनी ऐकलाय. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. टोळ्यांना पोरं मिळाली ती गिरणगावातल्या अशाच चाळींतून, हे खरं. आणि बहुतेक घरांतल्या पोरांनी हत्यार हातात घेतलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून मी एवढंच विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?"

ते बराच वेळ गप्प होते. "मजल्यावर एक काका होते, गॅरेजवाले. शाळा सुटली की मला तिकडं नेऊन बसवायचे. भावाला कोणी नाही बसवलं. तो मोठा झाला होता ना."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगा बोलला तिसऱ्या भेटीत, नखं कुरतडत. क्लासवरून येताना दोघांनी मारून त्याचा मोबाइल काढून घेतला होता. पट्ट्याच्या भीतीनं घरी 'हरवला' म्हणून सांगितलं. चौकातल्या 'दादा'नं तो दोन तासांत परत आणून दिला, वर दुरुस्तीचे 1800 रुपयेही दिले. "मग बोलावलं की जावं लागतं ना." एकदा चार दिवस एक पिशवी सांभाळायला दिली होती. यानं ती उघडलीही नाही. "मायनरला काय होत नाय, असं म्हणतात सगळे."

इथे मात्र मी गोड बोलले नाही. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलानं किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. त्याच कायद्यात, मुलांना अशा कामांना वापरणाऱ्या प्रौढाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड आहे. "दादाला तू भाऊ म्हणून नको आहेस, तुझं वय हवंय," मी म्हटलं. तो दार आपटून गेला. पुढच्या आठवड्यात आला.

1800 रुपये परत करायला त्याला एकट्याला पाठवायचं नाही, हे मी बजावलं. वडील स्टँडवरच्या दोन वयस्क रिक्षावाल्यांना घेऊन गेले. क्लासची बॅच सकाळची केली. पुन्हा पिशवी आली तर ती घ्यायची नाही, आधी घरी सांगायचं. आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हेही लिहून दिलं. पट्टा वडिलांनी माझ्यासमोर कबूल करून बंद केला. गॅरेजला जायला मात्र पोरानं साफ नकार दिला. ऑइलचे हात त्याला नकोत. रील तो छान एडिट करतो, म्हणून संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत बसतोय.

परवा आईचा फोन आला. दादाच्या वाढदिवसाचं बोलावणं होतं. पोरगं तिला विचारत होतं, काय सांगू?

"मी म्हटलं, सांग आईला ताप आहे. खोटं बोलायला शिकवलं का हो मी, मॅडम?"

मी म्हटलं, चालेल. दोन दिवस ताप राहू दे.