वाकायला त्रास होत असेल तर ट्रेलर समतल कसा करायचा

राहायचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) मुक्कामाला उभा करताना गुडघे साथ देत नसतील तर आधी क्रम पक्का करा, निम्मे कष्ट तिथेच वाचतात. डावी-उजवी बाजू गाडीला जोडलेली असतानाच साधायची. ट्रेलरच्या खालच्या बाजूच्या चाकापुढे वक्र रॅम्प ठेवा आणि गाडी इंचाइंचाने पुढे घेत ते चाक वर चढवा. ब्लूटूथ लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) घेतलीत तर आकडा फोनवरच दिसतो, सारखं उतरून बघावं लागत नाही. ठोकळ्यांची चळत रचत बसू नका. ते वाकणाऱ्यांचं काम.

मग चाकांना अडसर, दोन्ही बाजूंनी. हे झाल्याशिवाय हिच (गाडी-ट्रेलरचा जोड) सोडायचा नाही, कितीही सपाट वाटलं तरी. अडसरांना लांब दोरी बांधून ठेवा, निघताना उभ्या-उभ्या ओढता येतात. ठेवताना लांब चिमटा वापरा.

पुढची-मागची पातळी टंग जॅकने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या जॅकने. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले विजेच्या जॅकवर करा. हँडल फिरवून खांदा भरून येतो तो त्रास संपतो.

कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर (खाली सोडायचे आधाराचे पाय) सगळ्यात शेवटी. ते डुगडुग थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नाहीत. जोर लावलात तर चौकट वाकेल. ते फिरवायला कॉर्डलेस ड्रिलला लांब एक्स्टेन्शन आणि मापाचं सॉकेट लावा, ड्रिलचा क्लच (जोराची मर्यादा) हलका ठेवा. पाय जमिनीला टेकला की अगदी थोडं आणखी, बस्स.

गॅसवरचा शोषण-प्रकारचा (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणारा) फ्रीज असेल तर पातळीत हयगय नको, तो तिरका चालवला की बिघडतो. तसा फ्रीज नसेल तर झोपताना डोकं खाली जात नाही एवढं पुरे. आणि जागा निवडायची मुभा असेल तर सावलीपेक्षा सपाटी बघा.