दवाखान्यात योजनेच्या टेबलावर नवीन बसतोयस, तर ऐक

भावा, आधी रोजच्या बिलाची सवय डोक्यातनं काढ. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेत, सरकार खाट, सलाईन, औषधं वेगवेगळी मोजत बसत नाही. शस्त्रक्रिया ठरली की पॅकेजचा, म्हणजे सगळ्या उपचाराचा मिळून एकच, दर ठरला. तपासण्या, भूल, जेवण, परतीचं एकवेळचं भाडं, डिस्चार्जनंतरच्या 10 दिवसांचा पाठपुरावा, सगळं त्यातच. पेशंट दोन दिवस जादा राहिला तरी दर तोच; भार दवाखान्यावर. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत नुसत्या औषधोपचाराच्या केसला मात्र दिवसागणिक दर असतो, आयसीयूचा वेगळा.

खरा खेळ पूर्वमंजुरीचा, म्हणजे उपचाराआधी योजनेकडनं घ्यायच्या परवानगीचा. चंदगडकडनं रात्री हार्टचा पेशंट आला तर फोनवरून तातडीची मंजुरी घे, कागद मागाहून. पण निदान एक नि पॅकेज कोड दुसरा, असं झालं की क्लेम, म्हणजे दवाखान्याचे पैसे, अडकलाच म्हणून समज. ऑपरेशन नोट, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड त्याच दिवशी अपलोड कर. नातेवाईक गावी गेल्यावर सही कुठनं आणणार? आणि पॅकेजातल्या औषधाची चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात दिसली, तर मेडिकलला जाण्याआधी त्यांना थांबव नि आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या माणसाला, बोलाव; ते औषध त्यांनी विकत घ्यायचंच नसतं. डॉक्टर चिडतील, चिडू देत.