चड्डीआधी पाण्याची बाटली बघा

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, अडीच वर्षांचा असल्यापासून शू-शी सांगायचा, आणि सांभाळणाऱ्या नव्या मावशींकडे जायला लागल्यापासून दीड महिना रोज दोन-तीन चड्ड्या ओल्या होतायत. कधीकधी शीचा डागही असतो. मावशींचं म्हणणं, "मुद्दाम करतो, तुम्ही लाडावून ठेवलाय." आता मावशी बदलायच्या की मुलाला वळण लावायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आमच्याकडे हेच झालं होतं. मुलगी तेव्हा पावणेचार वर्षांची होती. माझा दीड महिना चड्ड्या मोजण्यात गेला. खरं काय ते सांगत होती पाण्याची बाटली. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत यायची आणि मी ती बेसिनमध्ये ओतून टाकायची, डोक्यात काही प्रकाश नाही. मग एकदा तिच्या बुटात बोळा करून कोंबलेली ओली चड्डी सापडली. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की शू येते. मग मावशी सगळ्यांना सांगते."

म्हणजे पोरीने स्वतःपुरता उपाय काढला होता: पाणी प्यायचं नाही आणि शी दाबून ठेवायची. शी दाबली की आतलं पाणी शोषलं जाऊन ती कडक होते. कडक झाली की दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबतं. तो गोळा आत साचून बसतो आणि मागची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. तोच तुमचा डाग. पुष्कळदा मुलाला ते कळतही नाही. "नाकाला वास येत नाही का रे?" असं विचारून उपयोग नसतो, कारण त्याला खरंच येत नसतो. शेजारच्या मूत्राशयावरही त्या गोळ्याचा दाब येतो, म्हणून शूसुद्धा धड धरता येत नाही. तेव्हा "मुद्दाम" हा शब्द घरातून हद्दपार करा. "पण आमचा तर रोज शीला जातो" असं म्हणाल, तर आमचीही रोज जायची, थोडीथोडी. डॉक्टरांनी पोट चाचपल्यावर उलगडा झाला.

तुम्हीही आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. लघवीला जळजळ, ताप, लघवीतून रक्त, सतत थेंबथेंब गळणं, किंवा एकाएकी खूप तहान लागून वजन उतरणं, यातलं काही असेल तर आजच जा. बद्धकोष्ठ निघालं तर शी मऊ ठेवायचं औषध देतील. ते पुष्कळदा महिनोन्‌महिने चालतं. चार दिवस बरे गेले म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. मी थांबवलं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आले. रात्रीच्या ओल्या गादीचं मात्र आत्ता मनावर घेऊ नका. पाच वर्षांच्या शंभरातली साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात.

घरी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पाचेक मिनिटं बसवा, कारण पोट भरलं की आतडी आपसूक हलायला लागतात. पायांखाली छोटं स्टूल द्या, लोंबकळत्या पायांनी मुलाला जोर लावता येत नाही. शी झाली नाही तरी बसल्याचं कौतुक करा. पाणी तोडू नका. सगळे आधी तेच करतात आणि त्यानेच घोटाळा वाढतो.

आता मावशी. मी आमच्या मावशींना मनातल्या मनात राक्षसीण ठरवून मोकळी झाले होते, पण त्यांच्याकडे आणखी चार पोरं होती आणि दिवसभर फडकं त्यांच्याच हातात असायचं. वैतागणं वेगळं, लाजवणं वेगळं. नुसत्या वैतागलेल्या असतील तर मूल समोर नसताना नीट बोला. "लागलीय का?" असं विचारू नका म्हणावं, खेळात रमलेलं मूल "नाही"च म्हणतं. दर दीड-दोन तासांनी "चल, जाऊन येऊ" म्हणायचं. चड्डी ओली झालीच तर "चल, बदलू" एवढंच बोलायचं, भाषण नाही. सुक्या चड्ड्या आणि ओल्यासाठी वेगळी पिशवी तुम्हीच द्या. दोन आठवडे वाट बघायला हरकत नाही.

पण ओल्या चड्डीत बसवून ठेवणं, इतर मुलांसमोर हसं करणं, पाणी न देणं, हात उचलणं, यातलं काही कळलं तर दोन आठवडे कसले, दुसऱ्या दिवशी पाठवू नका. गैरसोय होते, मला ठाऊक आहे. मी कामावर रजा मागताना रडले होते. आणि "तू चड्डीत करतोस म्हणून मावशी सोडाव्या लागल्या" हे वाक्य चुकूनही घरात कोणाच्या तोंडून निघू देऊ नका. आजी-आजोबांनाही बजावून ठेवा.

नवीन कोणाला भेटाल तेव्हा "तुम्ही रागावता का?" असं विचारू नका, सगळे "छे छे" म्हणतात. विचारा, "मागच्या वेळी एखाद्याने चड्डीत केली तेव्हा काय केलंत?" मग गप्प बसून ऐका. संडास बघून या. दिव्याचं बटण मुलाच्या हाताला लागतं का, आत अंधार आहे का, दार आतून अडकतं का ते बघा. आमची जुन्या ठिकाणी त्या अंधारालाही घाबरायची, हे मला खूप उशिरा कळलं.

जागा बदलली म्हणजे लगेच सगळं थांबेल असं धरून चालू नका. आमची बाटली तिसऱ्या आठवड्यात रिकामी यायला लागली, चड्ड्या कोरड्या राहायला चार महिने लागले.